गटचर्चेच्या तासाआधी पडद्याची तयारी

सुरुवात मागच्या बाकावरून करा. वर्ग रिकामा असताना प्रोजेक्टर लावा, सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात मुलांच्या उंचीवर बसा आणि पडद्यावरचं वाचून पाहा. ढोबळ हिशेब असा, की चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब बसलेल्याला मजकूर वाचणं जड जातं. चित्र दीड मीटर उंच असेल तर नऊ मीटरपर्यंत निभावतं. त्यापलीकडे बाक असतील तर अक्षर मोठं करा आणि मजकूर निम्मा करा. पडद्यावर ऊन येत असेल तर तेवढीच खिडकी लावून घ्या. संपूर्ण अंधार नको, कारण चर्चेत समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो.

चौघांचा गट गोल बसला, की कुणाची तरी पाठ पडद्याकडे होतेच. म्हणून बाक तिरके लावून प्रत्येक गटाची एक बाजू पडद्याकडे मोकळी ठेवा.

आता खरं काम: पडद्यावर काय राहणार? बोलणं रंगलं, की तोंडी दिलेल्या सूचना पाच मिनिटांत विरून जातात, तेव्हा चर्चा संपेपर्यंत प्रश्न समोर दिसत राहिला पाहिजे. ‘पाणीटंचाईवर चर्चा करा’ हा प्रश्नच नव्हे. त्याऐवजी लिहा: ‘शहराला पुढचे दोन महिने निम्मंच पाणी मिळणार आहे. घरं, दवाखाने, कारखाने, बागा यांपैकी आधी कपात कुठे? क्रम लावा, प्रत्येकाचं कारण द्या. एकमत झालं नाही तर अडलं कुठे ते एका ओळीत लिहा.’ शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. त्यानेच गप्प मुलाच्या वेगळ्या मताला कागदावर जागा मिळते. खाली चर्चा संपण्याची वेळ लिहा, बस. सेकंद मोजणारं मोठं घड्याळ मला पटत नाही, मुलं एकमेकांऐवजी त्याच्याकडेच बघत बसतात.

रिमोटवरची दोन बटणं आधी शोधून ठेवा. ‘फ्रीझ’ दाबलं, की पडद्यावर प्रश्न तसाच राहतो आणि लॅपटॉपवर तुम्हाला पुढचं काही उघडता येतं. ‘ब्लँक’ने पडदा काळा होतो, एखादा गट बोलायला उभा राहिला, की तेच हवं असतं. बटण सापडलं नाही तर पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना ‘बी’ दाबा, पडदा काळा होईल. पुन्हा दाबलं, की स्लाइड परत येईल. लॅपटॉपचा स्लीप मोड आणि नोटिफिकेशन बंद करा. ऐन चर्चेत कुणाचा तरी खासगी निरोप पडद्यावर झळकणं बरं नव्हे.

गटांचे कागद दाखवायला डॉक्युमेंट कॅमेरा असेल तर फोकस आणि उजेड एक कागद ठेवून तपासा. पेन्सिलीचं लिखाण फिकं दिसतं, म्हणून प्रत्येक गटाला जाड काळं पेन द्या. कॅमेरा नसेल तर मोबाइलवर फोटो काढून स्क्रीन कास्ट करा, म्हणजे मोबाइलवरचं चित्र वायरशिवाय प्रोजेक्टरवर पाठवा. मोबाइल आणि प्रोजेक्टर बहुतेकदा एकाच वायफायवर असावे लागतात, तेही आदल्या दिवशी बघा. कागद सर्वांसमोर जाणार आहे हे गटांना आधीच सांगा, नावं मागच्या बाजूला लिहायला लावा. पूर्ण झालेल्या उत्तरापेक्षा खाडाखोड असलेला अर्धवट कागद दाखवावा, तिथे विचार कुठे वळला ते दिसतं आणि इतरांना बोलायला धरायला काहीतरी मिळतं.

सगळे गट एकाच डिजिटल फळ्यावर लिहिणार असतील तर तो शेवटपर्यंत मोठ्या पडद्यावर आणू नका. पहिल्या गटाचं उत्तर झळकलं, की बाकीचे त्याच वाटेने जातात. गटांना फक्त लाल-हिरवे रंग देऊ नका, सोबत आकडेही द्या. काही मुलांना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही.

केबल, अडॅप्टर, रिमोटचे सेल पिशवीत टाका. आणि प्रश्नाची एकेक छापील प्रत प्रत्येक गटासाठी घ्या, म्हणजे वीज गेली तरी चर्चा चालू राहील.