'घोस्ट ऑफ त्सुशिमा' खेळून झालं? आता जपानचं खरं त्सुशिमा बेट बघा

गेम अजून सुरू करायचा असेल तर आधी आवाज जपानी करा, सबटायटल्स इंग्रजी. आणि घोडा उगाच दामटू नका, देवळं बघत जा. सुरुवातीची किनाऱ्यावरची लढाई खऱ्या घटनेवर बेतलेली आहे: 1274 मध्ये मंगोल फौज कोमोदाच्या किनाऱ्यावर उतरली. गेमचा नायक जिन साकाई मात्र काल्पनिक. खरा लढला तो त्सुशिमाचा कारभारी सो सुकेकुनी. परंपरा सांगते, सोबत ऐंशीएक घोडेस्वार, आणि सगळे कामी आले. गेममध्ये जिन हायकू रचतो, ते सोडून द्या; हायकू कित्येक शतकं नंतरचा.

मग वाचन. जाडजूड ग्रंथाआधी 'मोको शुराई एकोतोबा' ही मंगोल स्वारीची चित्रगुंडाळी बघा, इंटरनेटवर सापडते. ताकेझाकी सुएनागा या सामुराईने आपला पराक्रम दाखवायला ती चितारून घेतली. (बढतीसाठीची फाइल म्हणा ना!) एका दृश्यात त्याचा घोडा रक्तबंबाळ झालाय आणि वर हवेत बॉम्ब फुटतोय. तसे मातीचे बॉम्बगोळे पुढे ताकाशिमा बेटाजवळ समुद्रतळाशी खरोखरच सापडले.

जायचं तर जपानमधलं फुकुओका शहर गाठा. दुसऱ्या स्वारीच्या धास्तीने 1276 मध्ये हाकाता उपसागराकाठी दगडी तट बांधला, त्याचे अवशेष इमाझु आणि निशिजिनला आहेत. तिथून फेरीबोटीने त्सुशिमावरचं इझुहारा बंदर. बेट लांबलचक आहे, बस कमी, म्हणून भाड्याची गाडीच बरी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या. कोमोदाला किनाऱ्यालगतच सुकेकुनीचं देऊळ आहे.