रुग्णाच्या द्रवाचा चोवीस तासांचा हिशेब

इनटेक-आउटपुट चार्टचा, म्हणजे शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाच्या नोंदतक्त्याचा, हिशेब सहसा सकाळी ८ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८ असा धरतात, आणि प्रत्येक नोंद त्या-त्या वेळीच, मिलिलिटरमध्ये करावी. पोटात जाणाऱ्या द्रवात पाणी, चहा, पेज, रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) दिलेले अन्न व नळी धुण्याचे पाणी, तर शिरेवाटे दिलेल्या द्रवात सलाईन, रक्त आणि अँटिबायोटिक ज्यात मिसळले तो द्रव धरावा. हा शेवटचा आकडाच बहुधा राहून जातो. मुंबईच्या वॉर्डात नातेवाईक शहाळे किंवा कटिंग चहा परस्पर पाजतात, म्हणून ‘एक ग्लास’ असे न लिहिता तो ग्लास एकदा मोजपात्राने मोजून घ्यावा.

बाहेर पडणाऱ्या द्रवात लघवी, उलटी, पातळ जुलाब आणि ड्रेन (जखमेतून नळीवाटे बाहेर काढलेला द्रव) येतात. युरोबॅगवरच्या (लघवी जमा होणाऱ्या पिशवीवरच्या) खुणा अंदाजे असल्यामुळे लघवी मोजपात्रात ओतून, पात्र सपाट जागी ठेवून, डोळ्यांच्या पातळीवर वाचावी. डायपर असल्यास ओल्याच्या वजनातून कोरड्याचे वजन वजा करावे. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलि.

उदाहरणार्थ, तोंडावाटे ९००, सलाईन १०००, अँटिबायोटिकसोबत ३००, एकूण २२००. लघवी १३५०, ड्रेन १५०, उलटी २००, एकूण १७००. फरक अधिक ५००. घाम व श्वासावाटे जाणारे पाणी यात येत नाही, आणि मे महिन्यात बिनएसी वॉर्डात ते बरेच असते, त्यामुळे रोजचे वजनही पाहावे. ६० किलोच्या प्रौढाची लघवी तासाला ३० मिलिपेक्षा कमी होत राहिल्यास बेरजेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.