अमेरिकेच्या १७९० ते १८४० च्या जनगणनांतून पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

अमेरिकेची पहिली राष्ट्रीय जनगणना २ ऑगस्ट १७९० हा दिवस प्रमाण धरून झाली. तेव्हापासून १८४० पर्यंतच्या सहा जनगणनांमध्ये सर्वसाधारणपणे फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिलेले आढळते. घरातील बाकीची माणसे त्या नावापुढच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांच्या रूपाने उरली आहेत. म्हणूनच या नोंदी वाचताना नाव सापडले की काम संपले असे मानू नये. खरे काम वयांचा हिशेब जुळवण्याचे आहे.

सुरुवात १८५० पासून करावी, कारण गुलामगिरीत नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव, वय आणि जन्माचे राज्य त्या वर्षी प्रथमच नोंदले गेले. मात्र कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पर्यंत लिहिले जात नसे, त्यामुळे एका घरातील सगळी मुले त्याच दांपत्याची आहेत असे गृहीत धरू नये. तिथे कुटुंब पक्के झाले, की प्रत्येकाचे अंदाजे जन्मवर्ष कागदावर मांडून मागच्या प्रत्येक जनगणनेत ती व्यक्ती कोणत्या रकान्यात यायला हवी हे आधीच ठरवावे. उदाहरणार्थ, १८५० मध्ये ५२ वर्षांचा असलेला पुरुष १८४० मध्ये चाळिशीच्या आणि १८३० मध्ये तिशीच्या रकान्यात, १८२० मध्ये १६ ते २५ च्या, तर १८१० मध्ये बहुधा वडिलांच्या नावापुढे १० ते १५ च्या रकान्यात दिसायला हवा. एखाद्या वर्षी मेळ बसला नाही म्हणून लगेच ते घर सोडून देऊ नये: वये अदमासे सांगितली जात आणि घरात राहणारे नोकर, शिकाऊ कामगार किंवा नातेवाईकही त्याच आकड्यांत मिसळलेले असत. पण सलग दोन-तीन जनगणनांत रचना जुळत नसेल, तर आपण त्याच नावाच्या दुसऱ्या माणसामागे लागलो आहोत असे समजावे.

१८२० च्या पानावर विशेष सावध राहावे लागते. त्यात १६ ते १८ वयाच्या गोऱ्या मुलांसाठी वेगळा रकाना आहे, परंतु ती मुले १६ ते २५ च्या रकान्यातही मोजलेली आहेत. दोन्ही आकडे मिळवले, की घरात नसलेला मुलगा उगवतो. शेती, व्यापार आणि कारागिरीचे रकानेही माणसांच्या बेरजेत धरायचे नसतात. याउलट १८४० चे दुसरे पान न चुकता उघडावे, कारण लष्करी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची नावे व वये तिथे आहेत आणि मुलाच्या घरी राहणारा म्हातारा आजोबा कित्येकदा तिथेच नावानिशी भेटतो.

फॅमिलीसर्चसारख्या संकेतस्थळावर या नोंदी विनामूल्य पाहता येतात. सूचीवर न थांबता मूळ पानाची प्रतिमा उघडावी आणि शेजारची घरे उतरवून घ्यावीत. भाऊ, सासरे, जावई पुष्कळदा जवळपासच सापडतात. यादी आद्याक्षरांनुसार पुन्हा लिहिलेली असेल, तर शेजारावरून काही निष्कर्ष काढता येत नाही. काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्याच्या) सीमा बदलत राहिल्या, म्हणून त्या वर्षीचा नकाशा जवळ असावा: १७९० मध्ये आजचे मेन राज्य मॅसॅच्युसेट्सचा भाग होते.

गुलामगिरीत जगलेल्यांच्या वंशजांसाठी ही पाने फार क्लेशदायक आहेत, कारण त्यांत ती माणसे मालकाच्या नावापुढचा आकडा म्हणूनच येतात. १८५० आणि १८६० च्या वेगळ्या गुलाम-याद्यांतही सहसा वय, लिंग आणि वर्णच मिळतो. या शोधाचा पाया गुलामगिरी संपल्यानंतरची पहिली, म्हणजे १८७० ची जनगणना हाच असावा. तिथून संभाव्य मालकाचे कुटुंब ठरवून त्याची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि खरेदीखते तपासावीत, कारण जनगणनेने वगळलेली नावे त्या कागदांत अनेकदा लिहिलेली असतात.

व्हर्जिनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया यांसारख्या काही राज्यांची १७९० ची पाने नष्ट झाली आहेत. तेथे त्या सुमाराच्या कर-याद्या पाहाव्यात; व्हर्जिनियाची पुनर्रचित यादी अशाच कागदांवरून तयार झाली आहे.