सेतू केंद्रातलं विनरार आजच तपासा

दारव्हा असो की घाटंजी, सेतू केंद्रातल्या अनेक कॉम्प्युटरवर विनरार असतं, म्हणजे बऱ्याच फाइली दाबून एका 'रार' फाइलमध्ये बांधणारं आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर. फुकट वापरून बघायची चाळीस दिवसांची मुदत कधीच संपलेली असते. सकाळी 'खरेदी करा' सांगणारी खिडकी बंद करायची आणि सातबाऱ्याच्या रांगेकडे वळायचं. त्याच कॉम्प्युटरवर गावकऱ्यांची आधार कार्डं आणि पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. म्हणूनच केंद्रचालकांनी हे काम उद्यावर टाकू नये.

जुलै २०२५ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीला विनरारमध्ये एक भगदाड सापडलं. दुरुस्ती निघण्याआधीच चोर त्यातून आत शिरत होते. असं भगदाड म्हणजे झिरो-डे. ईमेलने नोकरीचा अर्ज वाटेल अशी रार फाइल यायची. ती डेस्कटॉपवर उघडली की समोर बायोडाटा दिसायचा, आणि आत दडवलेली दुसरी फाइल गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायची. पुढच्या लॉगिनला ती आपोआप चालू. तेव्हा निशाण्यावर युरोप आणि कॅनडातल्या कंपन्या होत्या, पण असं भगदाड एकदा माहीत झालं की ते कुणीही वापरू शकतं.

आधी आवृत्ती बघा. विनरार उघडा, वरच्या 'हेल्प' मेनूत जाऊन 'अबाउट विनरार' दाबा. आकडा ७.१३ पेक्षा कमी असेल तर दार उघडंच आहे. ही दुरुस्ती ३० जुलै २०२५ ला आली, पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. हाताने टाकल्याशिवाय ती येणार नाही.

नवी आवृत्ती रारलॅब डॉट कॉमवरूनच घ्या. पेनड्राइव्हमधून फिरणारी 'क्रॅक' कॉपी नको, कुणी ओळखीच्या भाऊंनी दिली तरी नको. जुनं काढायची गरज नाही. विनरार बंद करून त्यावरच नवं बसवा आणि पुन्हा 'अबाउट'मध्ये आकडा बघा. विंडोज ११ अद्ययावत असेल तर रार फाइल विनरारशिवायही उघडते, मग ते काढूनच टाकलेलं बरं. मोबाइलवरच्या रार ॲपला हा धोका नाही.

आता स्टार्टअप फोल्डर. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजीत 'शेल', लगेच अपूर्णविराम (:) आणि 'स्टार्टअप' लिहा, मध्ये जागा सोडू नका. एंटर केल्यावर उघडणारा फोल्डर बऱ्याचदा रिकामाच असतो. तुम्ही न ठेवलेला शॉर्टकट किंवा प्रोग्राम दिसला तर त्यावर डबल क्लिक करू नका. इंटरनेटची वायर काढा, अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा, आणि पोर्टल, ईमेल, बँक यांचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.