छाननीवाल्यांना साधं लिहायला कसं शिकवायचं

नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखानदार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नकाराच्या पत्राला जेवढे वैतागत नाहीत तेवढे "सदर त्रुटींची पूर्तता तात्काळ करण्यात यावी" याला वैतागतात, कारण त्रुटी कोणती हे विचारायला परत ऑफिसात चक्कर. मीही छाननीच्या टेबलावर, म्हणजे कारखान्यांचे अर्ज-अहवाल तपासायला, असताना अशी पत्रं ढिगाने काढलीत. आता नाशकात याचं ट्रेनिंग घेतो, अर्धा दिवस पुरतो.

प्रेझेंटेशन नको, जेवणानंतर तर अजिबात नको (मिसळ खाल्लेली माणसं स्लाइड बघत नाहीत). प्रत्येकाला आपलंच एक जुनं पत्र आणायला सांगा, अर्जदाराचं नाव खोडून. पत्र शेजारच्याला द्यायचं आणि तीनच प्रश्न: काय चुकलं, काय पाठवायचं, कधीपर्यंत? उत्तर सापडलं नाही की लिहिणारा लगेच तोंडी सांगायला लागतो, "अहो म्हणजे त्यांचा बीओडी 48 आलाय, सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं तर 30 च्या आत पाहिजे." (बीओडी म्हणजे सांडपाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप.) थांबवा त्याला तिथेच, हेच लिही म्हणावं! मग पत्र असं होतं: "तुमच्या अहवालात बीओडी लिटरला 48 मिलिग्रॅम आहे, मर्यादा 30 आहे. तो का वाढला ते लिहा आणि दुरुस्तीनंतरचा नवीन अहवाल 15 दिवसांत पाठवा."

बीओडी शब्द काढायचा नाही हां, त्याचं "पाण्यातली घाण" केलंत तर 27 अंशाला 3 दिवस ठेवून केलेली टेस्ट कुठे गेली? साधं म्हणजे ढोबळ नाही.

सगळ्यात जास्त वेळ "करावे" वर घालवा. "मीटर बसवावा" हा हुकूम की सल्ला? लिहिणाऱ्याच्या मनात हुकूम असतो, वाचणारा सल्ला समजून सोडून देतो आणि पुढे सुनावणीत दोघं भांडतात. हुकूम असेल तर "बसवणे बंधनकारक आहे", सल्ला असेल तर "बसवलात तर बरं", मधलं काही नको.

कोणीतरी म्हणणारच, साधं लिहिलं तर कोर्टात टिकेल का. अहो 1974 च्या जल कायद्याचं कलम 25 (सांडपाणी सोडायला मंडळाची संमती लागते ते) लिहायचंच आहे, फक्त मुद्दा आधी आणि कलम मागून, एवढंच. "उपरोक्त विषयान्वये" मात्र बिनधास्त उडवा.

महिन्याने प्रत्येकाचं एक ताजं पत्र मागवा, तेच तीन प्रश्न लावा, आणि खुलासा विचारायला किती फोन आले तेही विचारून घ्या.