जुन्या पिकअपला इंजेक्शन बसवताना: काम टाकीपासून सुरू करावे

कार्बोरेटर काढून त्या जागी संगणकाने चालणारे पेट्रोल इंजेक्शन बसवण्याची ही कृती १९७४ च्या शेव्हरोले सी-१० पिकअपसाठी आहे: ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन, त्यावर रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर आणि तीन गिअरची टीएच-३५० ऑटोमॅटिक. टेक्सासमध्ये राहायला आल्यापासून मी स्वतःच्या दोन आणि मित्रमंडळींच्या चार अशा सहा गाड्यांवर हे काम केले आहे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मला सांगितले आहे की हे चार बोल्टांचे, एका दुपारचे काम आहे. कार्बोरेटर उतरवून त्या जागी थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेची झडप आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर असलेला भाग, बसवायला खरोखरच एक दुपार पुरते. मात्र त्या थ्रॉटल बॉडीपर्यंत ५८ पीएसआय दाबाने, म्हणजे सुमारे ४ बारने, पेट्रोल अखंड पोचवण्यात माझे पहिल्या गाडीवर अडीच महिने गेले.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी इंजेक्शनचे किट घेण्यापूर्वी गाडीचे मॉडेल वर्ष पाहावे. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना तेथे धूर तपासणी लागत नाही. १९७६ पासूनच्या गाड्यांसाठी मात्र तेथील एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक असलेलेच किट घ्यावे लागते.

इंजिनाचे कॉम्प्रेशन, व्हॅक्यूमची गळती आणि इग्निशनचे टायमिंग आधी तपासून घ्यावे. दोन सिलिंडर दमलेले असतील, तर कोणताही संगणक त्यांना उभे करू शकत नाही.

आता टाकी. मूळ व्यवस्थेत इंजिनाच्या उजव्या बाजूला मेकॅनिकल पंप असतो. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून जेमतेम ५ ते ७ पीएसआय दाबाने कार्बोरेटरला देतो. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा आला, तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल साठलेले असल्यामुळे चालकाला ते जाणवतही नाही. इंजेक्शनला अशी वाटी नसते. पंपाने अर्धा सेकंद हवा ओढली, तर इंजिन अर्धा सेकंद उपाशी राहते आणि चढावर किंवा वळणावर गाडी झटका देते.

माझी पहिली चूक म्हणजे मी पंप टाकीबाहेर, चासीच्या पट्टीला बाहेरून दिसेल असा बसवला. किटच्या कागदावर तसे चित्र होते आणि जुनी टाकी उतरवण्याचा मला कंटाळा आला होता. एप्रिल-मे मध्ये सर्व व्यवस्थित चालले. जुलैमध्ये, पारा ४० अंशांवर असताना, सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीत मागून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला, डॅशखाली लावलेल्या गेजचा काटा ५८ वरून ३० वर आला आणि इंजिन बंद पडले. अर्ध्या तासाने गाडी मुकाट्याने सुरू झाली. त्यानंतर मी एक सेन्सर बदलला, फिल्टर दोनदा बदलला, संगणकाला बोल लावला, आणि एका वयस्कर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पेट्रोल लाइनवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटेसुद्धा लावून पाहिले. चिमट्यांचा हा उपाय अमेरिकेत जुना आहे आणि त्याचा उपयोग शून्य आहे.

कारण साधे होते. इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलण्यात तरबेज असतो, ओढण्यात नाही. तो ओढू लागला की त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि आधीच तापलेल्या पेट्रोलची तेथेच वाफ होते. पंप थंड राहतो तो त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलमुळेच. वाफ झाली की थंडावा जातो, पंप अधिक तापतो आणि वाफ आणखी वाढते. त्यात टाकीत पाव भागच पेट्रोल शिल्लक असेल, तर इंजिनखान्यातून फिरून परत आलेले गरम पेट्रोल ती टाकी पाहता पाहता तापवते.

म्हणून माझे मत ठाम आहे: पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असावा. या पिढीच्या पिकअपचा सांगाडा १९७३ पासून १९८७ पर्यंत जवळजवळ तोच राहिला आणि १९८७ साली कारखान्यातूनच त्यांना थ्रॉटल बॉडी इंजेक्शन मिळाले. त्या वर्षाची टाकी चासीच्या बाहेरच्या बाजूला त्याच जागी बसते, तिच्यात पंपाची जागा मुळातच असते आणि तिच्या फ्लोटचा रोध शून्य ते ९० ओहम हाच असल्यामुळे डॅशवरचा पेट्रोलचा काटाही बरोबर चालतो. घेताना मागचा बेड आखूड आहे की लांब हे मात्र पाहावे, कारण त्यानुसार टाकी बदलते. त्या टाकीतला मूळ पंप तसाच ठेवू नये. तो फक्त ९ ते १३ पीएसआयसाठी केलेला असतो. त्याच्या जागी जास्त दाबाचा पंप बसवावा आणि टाकीच्या आतल्या जोडणीसाठी पेट्रोलमध्ये बुडून राहणारी ३०आर१० दर्जाची नळीच वापरावी. साधी नळी आतून-बाहेरून फुगते आणि एके दिवशी पंपावरून निसटते.

काही जण मेकॅनिकल पंप तसाच ठेवून इंजिनखान्यात एक लहान डबा बसवतात आणि त्या डब्यात दाबाचा पंप ठेवतात. हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण गाडीतल्या सर्वांत गरम जागी लिटरभर पेट्रोल उकळायला ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

रेग्युलेटर, म्हणजे जादा पेट्रोल परत पाठवून दाब कायम ठेवणारा भाग, थ्रॉटल बॉडीतच असेल, तर तेथून टाकीपर्यंत परतीची लाइन टाकावी. जाणारी लाइन ३/८ इंचाची असावी आणि परतीचीही तेवढीच ठेवली तर दाब चढत नाही. परतीच्या लाइनचे टाकीतले तोंड पेट्रोलच्या पातळीखाली आणि पंपापासून दूर ठेवावे. वरून धार पडली की फेस होतो आणि पंप तो फेस ओढतो. बाहेरच्या रबरी नळ्यांवर ३०आर९ असे छापलेले आहे ना, हे स्वतः वाचून घ्यावे. कार्बोरेटरच्या जमान्यातली ३०आर७ नळी दिसायला अगदी तशीच असते, पण ५८ पीएसआयसाठी ती नव्हे. पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर लावावा. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा फुसकारा ऐकू आला, तर टाकीचा श्वास कोंडला आहे असे समजावे आणि आधी तो मोकळा करावा.

पंपाला रिलेमार्फत १० गेजची वायर द्यावी आणि इंजिन चालू असताना पंपाच्या टोकांशीच व्होल्ट मोजावेत. १३ च्या आत आकडा दिसला, तर वायर किंवा अर्थिंग कमी पडते आहे. पंप थेट इग्निशन स्विचवर चालवू नये. इंजिन थांबले की पंप थांबवण्याचे काम संगणकाचे आहे, आणि अपघातात तुटलेल्या लाइनमधून पेट्रोल उडत राहणे कोणालाही नको असते.

येथून पुढचे काम सोपे आहे. मेकॅनिकल पंप काढून त्याची दांडी बाहेर घ्यावी आणि भोकावर झाकणपट्टी बसवावी. क्वाड्राजेटची मागची दोन भोके मोठी असतात आणि बहुतेक थ्रॉटल बॉडींची चारही सारखी, त्यामुळे अडॅप्टर लावण्यापेक्षा चारही भोके सारखी असलेला (स्क्वेअर-बोर) मॅनिफोल्डच घ्यावा. अडॅप्टरचे गॅस्केट पुढेमागे हवा ओढतेच. ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढणारी झडप) आणि गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरच्या व्हॅक्यूम नळ्या जागच्या जागी जोडाव्यात, पेडल पूर्ण दाबल्यावर गिअर खाली आणणारी किकडाउनची केबल लावावी, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडते हे डोळ्यांनी पाहावे.

ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र येतात त्यापुढे, आडव्या रेषेच्या वर तिरका बसवावा, म्हणजे थंडीत साचणारे पाणी त्यात उतरत नाही. त्याच्या अलीकडे एक्झॉस्टला गळती असेल, तर सेन्सरला बाहेरची हवा दिसते आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवत राहतो.

वायरिंगमध्ये एकच सापळा आहे. १९७४ च्या पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) गाडीत इग्निशन कॉइलला जाणारी वायर मुद्दाम रोध असलेली असते आणि तिच्यावर पूर्ण १२ व्होल्ट येत नाहीत, त्यामुळे संगणकाची चालू-बंदची वायर तिच्यावर कधीही जोडू नये. फ्यूज बॉक्सची काही टोके स्टार्टर फिरताना मृत होतात. म्हणून मीटर लावून, मदतनिसाला चावी फिरवायला सांगून, चावी चालू असताना आणि स्टार्टर फिरताना, दोन्ही वेळा वीज राहणारे टोक शोधावे. मुख्य लाल आणि काळी वायर थेट बॅटरीवर जावी. पॉइंट काढून एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्युटर बसवावा आणि आरपीएमचा सिग्नल त्याच्या टॅक (टॅकोमीटरच्या) टोकावरून घ्यावा, पण ती वायर प्लगच्या वायरींपासून दूर न्यावी. अन्यथा संगणक स्पार्कचा गोंगाटच इंजिनाचा वेग समजतो.

सुरू करण्यापूर्वी चावी दोन-तीनदा चालू-बंद करून दाब भरू द्यावा आणि विजेरी घेऊन प्रत्येक जोड हाताने पुसून पाहावा. बोटाला ओल लागली, तर चावी काढून घ्यावी. संगणकात इंजिनाचा आकार, सिलिंडरची संख्या आणि कॅमचा प्रकार भरल्यावर, इंजिन गरम झाल्यानंतर, आयडलचा स्क्रू असा लावावा की आयडल कंट्रोलचा (पेडल न दाबता इंजिनाला हवा देणाऱ्या झडपेचा) आकडा २ ते १० टक्क्यांत राहील. हवा-पेट्रोलचे प्रमाण आयडलला १४ च्या आसपास आणि पूर्ण थ्रॉटलला १२.५ च्या जवळ ठेवावे. मग तासभर वेगवेगळ्या वेगांनी गाडी चालवावी आणि संगणक शिकत असताना आकड्यांशी खेळू नये. मायलेज दुप्पट होईल अशी आशा धरू नये; थंडीत चोकची कटकट जाते आणि डोंगरावर इंजिन गुदमरत नाही, हा खरा फायदा.

पहिल्या ५०० मैलांनंतर फिल्टर काढून पांढऱ्या कापडावर झटकावा. तपकिरी भुकटी पडली, तर जुन्या लाइनमधला गंज सुटतो आहे. तो थांबेपर्यंत फिल्टर दर महिन्याला बदलावा.