‘सुपरकार्गो’ हा शब्द कसा समजावा आणि मराठीत कसा वापरावा

जहाज भाड्याने घेण्याचा करार, कंपनी सरकारच्या काळातील पत्रव्यवहार किंवा चीनच्या चहाच्या व्यापाराचा इतिहास मराठीत आणताना ‘सुपरकार्गो’ हा शब्द हमखास आडवा येतो. त्याचे ‘सुपर’ आणि ‘कार्गो’ हे दोन्ही तुकडे आपल्या इतके ओळखीचे आहेत की, वाचक ‘अवाढव्य माल’ असा अर्थ लावून पुढे सरकतो. प्रत्यक्षात सुपरकार्गो हा माणूस असतो. मालाच्या मालकाच्या किंवा जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या वतीने जो जहाजाबरोबर प्रवास करतो आणि मालाचे हित पाहतो, तो सुपरकार्गो.

हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधील ‘सोब्रेकार्गो’वरून आला. ‘सोब्रे’ म्हणजे वर, आणि ‘कार्गो’ हा ‘लादणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनलेला शब्द. इंग्रजांनी ‘सोब्रे’ काढून त्या जागी त्याच अर्थाचे लॅटिन ‘सुपर’ बसवले आणि आजचा सगळा घोटाळा तेथूनच सुरू झाला. म्हणून ‘सुपरमार्केट’मधील मोठेपणा येथे मनात आणू नये, ‘मालावर नेमलेला’ एवढाच अर्थ धरावा. मूळ स्पॅनिश मजकूर वाचणाऱ्याने शेवटच्या स्वराकडेही लक्ष द्यावे. स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेकार्गा’ म्हणजे अतिभार, तर ‘सोब्रेकार्गो’ म्हणजे हा अधिकारी. पोर्तुगीजमध्ये मात्र या अधिकाऱ्यालाच ‘सोब्रेकार्गा’ म्हणतात, त्यामुळे गोव्याशी संबंधित पोर्तुगीज कागद वाचताना स्पॅनिशचा नियम लावल्यास फसगत होईल. आजच्या मेक्सिकोत तर ‘सोब्रेकार्गो’ म्हणजे विमानातील प्रवाशांची व्यवस्था पाहणारे कर्मचारी; तेथील बातमीचा अनुवाद करताना जहाज मध्ये आणू नये.

ऐतिहासिक लेखनात हा शब्द वापरण्यापूर्वी त्या माणसाच्या हाती कोणता अधिकार होता, हे पाहावे. अठराव्या शतकात युरोपातून चीनमधील कँटन बंदराला (आजचे ग्वांगझू) पत्र पोहोचायला महिनोन्‌महिने लागत, त्यामुळे चहा कोणत्या भावाने घ्यावा, कोणत्या चिनी व्यापाऱ्याशी सौदा करावा, बरोबर आणलेली चांदी कशी खर्च करावी, हे मालकाला विचारत बसणे शक्यच नव्हते. हे निर्णय सुपरकार्गो घेई. १७३१ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले जहाज १७३२ मध्ये कँटनला निघाले, तेव्हा त्यावर मुख्य सुपरकार्गो म्हणून कॉलिन कॅम्पबेल हा स्कॉटिश व्यापारी होता. १७८४ मध्ये न्यूयॉर्कहून चीनला गेलेल्या ‘एम्प्रेस ऑफ चायना’ या जहाजावर हेच काम सॅम्युअल शॉ याने केले. इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीचे सुपरकार्गो आरंभी जहाजाबरोबर येत-जात. पुढे ते चीनमध्येच राहू लागले, व्यापाराच्या हंगामात कँटनला आणि एरवी मकावला. जहाजावर नसतानाही त्यांना सुपरकार्गोच म्हटले जाई, त्यामुळे ‘जहाजाबरोबर प्रवास’ ही अट या संदर्भात सैल करावी लागते.

जहाज कोणत्या वाटेने न्यायचे, वादळात शिडे कधी उतरवायची, हे कप्तानाचे क्षेत्र. सौदा हे सुपरकार्गोचे. दोघांना एकच समजणे ही मोठी चूक. पर्सर हाही वेगळा, कारण तो जहाजाच्या नोकरवर्गातला असून जहाजावरील हिशेब पाहतो. आणि स्वतःच्या व्यापारासाठी स्वतः जहाजाने जाणारा व्यापारी हा सुपरकार्गो नव्हे. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या अनेक फेऱ्या केल्या, म्हणून केवळ तेवढ्यावरून त्यांना हे पद देणे योग्य होणार नाही. दुसऱ्याच्या मालाची जबाबदारी अंगावर असणे हा या शब्दाचा गाभा आहे.

तारायंत्रे आली, परदेशी बंदरांत कायमचे अडते बसले आणि सौदा करणारा सुपरकार्गो मागे पडला. शब्द मात्र करारांतून टिकला. न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंज या व्यापारी बाजारसंस्थेच्या १९४६ च्या नमुना करारात जहाज भाड्याने घेणाऱ्याला सुपरकार्गो नेमण्याची मुभा आहे. त्याला राहायला विनामूल्य जागा आणि कप्तानाच्या पंगतीचे जेवण द्यावे, त्याबद्दल नेमणाऱ्याने दिवसाला १ डॉलर भरावा, असे त्या कलमात लिहिले आहे. आजचा सुपरकार्गो बहुधा समुद्रावर काम केलेला जाणकार असतो. पोलादाची वेटोळी किंवा अवजड यंत्रे जहाजाच्या पोटातील मालाच्या कोठीत कशी रचली, नीट जखडली का, चढवतानाच कोठे पोचे आले का, हे तो पाहतो आणि नोंदवतो. माल प्रत्यक्ष चढवण्या-उतरवण्याचे काम स्टेव्हेडोरचे, आणि गंमत अशी की, गोदीतला हा शब्दही स्पॅनिशमधूनच इंग्रजीत आला आहे.

मराठी प्रतिशब्द हवाच असेल, तर ‘गुमास्ता’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण मालकाच्या वतीने व्यवहार करणे हा अर्थ त्यात आहे. फक्त तो ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे पेढी उभी राहते, म्हणून जुन्या व्यापाराविषयी लिहिताना ‘जहाजावरचा गुमास्ता’ असे म्हणावे. आजच्या करारात मात्र ‘सुपरकार्गो’च ठेवावा, पहिल्या उल्लेखाशी एका वाक्यात अर्थ द्यावा आणि शब्द जोडूनच लिहावा, ‘सुपर कार्गो’ असे तोडले की पुन्हा अवाढव्य माल डोकावतो. नाम पुल्लिंगी चालवावे, अनेकवचनात रूप तेच राहते: ‘दोन सुपरकार्गो आले’, ‘सुपरकार्गोंनी हरकत नोंदवली’. स्त्री असल्यास शब्द न बदलता क्रियापद बदलावे: ‘सुपरकार्गो काल जहाजावर रुजू झाल्या.’ ‘जहाजात सुपरकार्गो भरला’ असे वाक्य मसुद्यात दिसले, तर अनुवादकाने मूळ मजकूर पुन्हा उघडावा.